युद्धामुळे परागंदा झालेले प्राध्यापक तुमच्या विभागात येणार असतील तर: पहिल्यांदाच यजमान होणाऱ्यांसाठी

जर्मनी, पोलंड, ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा इथल्या विद्यापीठांत आता मराठी माणसं बऱ्यापैकी दिसतात. कोणी पोस्टडॉक आहे, कोणी ज्युनिअर प्रोफेसर, कोणी प्रयोगशाळा सांभाळतंय. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये कधीतरी एक ईमेल येऊन पडते. मी अमुक विद्यापीठात अमुक विषय शिकवत होते, आमचं शहर ताब्यात गेलं, तुमचा तो पेपर वाचला होता, तुमच्या विभागात काही सोय होऊ शकेल का? रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये अशा ईमेल्सचा पूर आला होता, आणि त्या अजून थांबलेल्या नाहीत. वाचून गलबलून येतं. दोन ओळींचं सहानुभूतीचं उत्तर जातं आणि पुढे नेमकं काय करायचं ते माहीत नसल्यामुळे विषय तिथेच संपतो.

हा लेख त्या पुढच्या भागासाठी आहे. मी जर्मनीत आहे, विभागातर्फे अशा सहकाऱ्यांची कामं पाहतो, त्यामुळे उदाहरणं बरीचशी युक्रेनची आणि नियम बरेचसे जर्मनीचे येतील. बाकी देशांत तपशील बदलतात, क्रम फारसा बदलत नाही. माझं निरीक्षण असं की यजमानांचा चांगुलपणा सहसा कमी पडत नाही. घोडं अडतं ते कागदांवर, तारखांवर आणि पैसे कोणत्या नावाखाली मिळणार यावर.

पहिली पायरी: विद्यापीठाचं नाव वाचलंत, आता शहर विचारा

युक्रेनच्या पूर्वेला दोनेत्स्क हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर आहे. २०१४ मध्ये रशियाच्या पाठिंब्यावरच्या सशस्त्र गटांनी ते ताब्यात घेतलं, विद्यापीठाच्या इमारतींसकट. कीव्हच्या शिक्षण मंत्रालयाने विद्यापीठच हलवायचं ठरवलं. जे प्राध्यापक आणि विद्यार्थी निघू शकले ते शेकडो किलोमीटर पश्चिमेला व्हिनित्सियाला गेले, आणि हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्यांचे वर्ग भरू लागले. २०१६ मध्ये या विद्यापीठाला वासिल स्तुस यांचं नाव मिळालं. हे कवी दोनेत्स्कलाच शिकलेले, आणि १९८५ मध्ये सोव्हिएत छावणीत वारलेले. इकडे मूळ इमारतींत ताबा घेणाऱ्यांनी जवळपास त्याच नावाचं विद्यापीठ चालू ठेवलं. म्हणजे एकाच नावाची दोन विद्यापीठं झाली, दोन्हीकडे शिक्के, दोन्हीकडे लेटरहेड.

रशियाने २०१४ मध्येच ताब्यात घेतलेल्या क्रिमियातही तेच. सिम्फेरोपोलचं जुनं तावरिदा विद्यापीठ रशियाने आपल्या एका नव्या संस्थेत विलीन केलं, तर युक्रेनने तेच नाव घेऊन कीव्हमध्ये ते पुन्हा उभं केलं. लुहान्स्कच्या तारास शेवचेन्को विद्यापीठाला २०१४ मध्ये स्तारोबिल्स्कला जावं लागलं आणि २०२२ मध्ये तेही गाव ताब्यात गेल्यावर पोल्टावाला. खेरसनचं विद्यापीठ इव्हानो-फ्रांकिव्हस्कला आहे, मारियुपोलचं कीव्हला. लुहान्स्कसारख्या ठिकाणचे काही प्राध्यापक आठ वर्षांत दोनदा उठलेत. दुसऱ्या खेपेला घर नव्याने मांडायचा उत्साह राहत नाही, हे लक्षात असू द्या.

तुमच्या कामाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे सीव्हीवरचं विद्यापीठ सध्या कोणत्या शहरात आहे आणि अर्जदार कोणत्या बाजूच्या संस्थेचे आहेत हे स्पष्ट विचारून घ्या, कारण निधी देणारी संस्था हे विचारणारच. दुसरं, आणि हे यजमानांच्या हमखास ध्यानात येत नाही: त्यांची नोकरी बहुधा अजून चालू असते. विद्यापीठ स्वतःच परागंदा झालेलं, पण जिवंत आहे. वर्ग ऑनलाइन चालतात, परीक्षा होतात, प्रबंध तपासले जातात. ही माणसं तुमच्याकडे येतात तेव्हा मागचं सगळं सोडून येत नाहीत.

एक नाजूक मुद्दा. काही जण ताब्यातल्या शहरात काही महिने राहिलेले असतात. त्या काळात नव्या प्रशासनाखाली शिकवायला नकार दिला म्हणून त्रास झालेले आहेत, आणि परिस्थितीने शिकवावं लागलेलेही आहेत. युक्रेनने मार्च २०२२ मध्ये फौजदारी कायद्यात शत्रूशी सहकार्याचं जे कलम घातलं त्यात शिक्षणक्षेत्रही येतं. त्यामुळे 'तिथे असताना काय करत होतात?' हा प्रश्न आपल्याला साधा वाटला तरी समोरच्याला तो उलटतपासणीसारखा ऐकू येतो. छाननी करायला संस्था आहेत. आपण न्यायाधीश व्हायचं कारण नाही.

दुसरी पायरी: पहिलं उत्तर

दोन-तीन दिवसांत उत्तर द्या, नकार असला तरी द्या. अशा माणसाने एकाच वेळी वीस-पंचवीस ठिकाणी लिहिलेलं असतं आणि शांतता हे त्यातलं सगळ्यात वाईट उत्तर. होकाराची शक्यता असेल तर आश्वासन न देता प्रक्रिया सांगा: मी विभागप्रमुखांशी बोलतो, आमच्याकडे अमुक कार्यालय हे पाहतं, अमुक तारखेपर्यंत कळवतो. ती तारीख मग पाळा.

विचारायचं तेवढंच विचारा. सध्या कुठे आहात, कोणत्या कागदावर राहत आहात, सोबत कोण आहे. युक्रेनमध्ये लष्करी कायदा लागू झाल्यापासून १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडता येत नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना मोकळीक मिळाली, बाकीच्यांचं बंधन कायम आहे. म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचदा प्राध्यापक बाई असतात, बरोबर मुलं, कधी आई किंवा सासू, आणि नवरा तिकडे. 'दोघांची सोय करतो' असं मोठ्या मनाने लिहून टाकण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

माणूस अजून ताब्यातल्या भागातच असेल तर मात्र थांबा. तिथून निघताना तपासनाक्यांवर फोन उघडून बघतात: संदेश, फोटो, संपर्क. आमंत्रणपत्राची पीडीएफ उत्साहाने पाठवून देऊ नका. कोणत्या मार्गाने, कधी आणि काय पाठवू, हे आधी त्यांनाच विचारा. विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर तर नकोच, तो आता कोण वाचतंय याची खात्री नसते. सुटून येण्याचा रस्ता अनेकांना रशियातूनच काढावा लागतो, पुढे लाटविया किंवा एस्टोनियाच्या सीमेपर्यंत. त्या दिवसांत उत्तर आलं नाही तर आठवणीच्या ईमेल्स पाठवत बसू नये.

तिसरी पायरी: पैसा

इथे नवख्यांचा पहिला गोंधळ होतो तो अर्ज कोणी करायचा यावरून. काही योजनांत संशोधक स्वतः अर्ज करतात. धोक्यातल्या विद्वानांना मदत करणारी ब्रिटनची संस्था कारा आणि अमेरिकेतल्या आयआयई (इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन) या संस्थेचा स्कॉलर रेस्क्यू फंड या त्यातल्या ठळक. रेस्क्यू फंडाची फेलोशिप एक वर्षाची असते, वाढवता येते आणि यजमानाने आपला वाटा घालणं अपेक्षित असतं. काही योजनांत अर्ज विद्यापीठाने करायचा असतो. जर्मनीत संशोधकांना निधी देणाऱ्या हम्बोल्ट फाउंडेशनचा फिलिप श्वार्ट्झ उपक्रम असा आहे, फ्रान्सचा पॉझ हा कार्यक्रम असा आहे. तुमच्याकडे ईमेल लिहिणाऱ्या बाईंना हे माहीत असेलच असं नाही. त्या बिचाऱ्या महिनोन् महिने अर्जाचा फॉर्म शोधत असतात आणि तो फॉर्म असतो तुमच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे.

स्कॉलर्स ॲट रिस्क हे नाव सगळीकडे ऐकू येईल. १९९९ मध्ये शिकागोत सुरू झालेलं आणि आता न्यूयॉर्कमधून चालणारं हे विद्यापीठांचं जाळं आहे. पगार मुख्यतः यजमान विद्यापीठच देतं. ही मंडळी धोक्याची शहानिशा करतात, जोड्या जुळवतात, पत्र देतात. श्वार्ट्झ उपक्रमासारख्या ठिकाणी 'या व्यक्तीला खरोखर धोका आहे' हे तिऱ्हाइताने सांगावं लागतं, तिथे या पत्राला वजन असतं. पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून निधीची जाहिरात निघायची वाट न पाहता ते आधीच मागवून ठेवा.

या संस्थांचा जन्म पाहिला तर त्यांचे नियम असे का, ते कळतं. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने नाझी सरकारने ज्यू आणि विरोधक प्राध्यापकांना नोकरीतून काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल निघाली, भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड अध्यक्ष होते, ऑक्टोबरात अल्बर्ट हॉलमध्ये आइन्स्टाइन बोलले. तीच आजची कारा. फ्रँकफर्टचे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्ट्झ झुरिकला पळाले आणि तिथून त्यांनी हाकललेल्या जर्मन प्राध्यापकांसाठी मदतसंस्था काढली. योगायोगाने तुर्कस्तानचे अध्यक्ष अतातुर्क तेव्हा इस्तंबूल विद्यापीठ नव्याने उभारत होते. श्वार्ट्झ यांनी तुर्की मंत्र्यांशी बोलून एकेक नाव नव्हे, विभागच्या विभाग तिकडे नेले. करारात एक अट होती, काही वर्षांत तुर्कीत शिकवायला लागायचं आणि तोवर दुभाषा मिळेल. मला ही अट आजच्या कित्येक फेलोशिपपेक्षा प्रामाणिक वाटते. पद खरं, काम खरं, भाषेची अपेक्षा आधीच सांगितलेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिष्यवृत्ती की नोकरीचा करार? निधी देणारी संस्था दोन्हीला परवानगी देत असेल तर विभाग सहसा शिष्यवृत्तीकडे झुकतो, कारण ती सोपी आणि स्वस्त पडते. जर्मनीत तिचा अर्थ असा की निवृत्तिवेतनात ती वर्षं धरली जात नाहीत, बेकारी विम्यात हप्ता जात नाही, आरोग्य विमा स्वतःचा स्वतः काढावा लागतो. घर भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप मागतो आणि त्या नसतात. दोन वर्षांनी निधी संपला की हातात काहीच नाही. हे आपल्या पोस्टडॉक मुलामुलींनी स्वतः भोगलेलं असतं, तरी यजमान झाल्यावर विसरतात. कराराचा आग्रह धरा. प्रशासन म्हणेल होत नाही. एकदा नियम लेखी मागून बघा, पुष्कळदा होतं.

चौथी पायरी: कागद

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ ठेवा.

आमच्याकडे आलेल्या एक बाई रसायनशास्त्राच्या. पासपोर्टवर नावाचं युक्रेनी रूप, ओलेना. पदवी सोव्हिएत काळातली, तिच्यावर रशियन रूप, येलेना. त्या पदवीवरचं आडनाव माहेरचं. जुने पेपर रशियन नियतकालिकांत रशियन पद्धतीच्या रोमन अक्षरांत, नवे पेपर युक्रेनी पद्धतीने, आणि मध्येच एका संपादकाने वडिलांच्या नावाचं आद्याक्षर गाळलेलं. स्कोपस या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत त्यांची चार वेगवेगळी माणसं झाली होती. एकीच्या नावावर तीन पेपर, दुसरीच्या नावावर अकरा. निवड समितीच्या सदस्याने त्यातलं पहिलं पान उघडलं आणि 'प्रकाशनं कमी आहेत' असा शेरा मारला. उपाय फार साधा होता. एका संध्याकाळी बसून ऑर्किड क्रमांक (संशोधकाची एकच कायमची ओळख) काढला, सगळे पेपर त्याला जोडले, स्कोपसला नोंदी एकत्र करायची विनंती पाठवली, आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग हेच यापुढचं स्पेलिंग असं ठरवलं. हे काम अर्ज करण्याआधी करा.

पदव्यांचं कोडं. युक्रेनमध्ये, आणि एकूणच जुन्या सोव्हिएत मुलखात, 'कँडिडेट ऑफ सायन्सेस' ही पदवी आपल्या पीएचडीच्या बरोबरीची. 'डॉक्टर ऑफ सायन्सेस' ही तिच्या वरची, जर्मन हाबिलिटेशनच्या, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पीएचडीनंतरच्या पात्रतेच्या, आसपासची. नुसतं 'कँडिडेट' वाचून पीएचडी पूर्ण व्हायची आहे असं समजणारे विभागप्रमुख असतात. 'डोत्सेंट' म्हणजे साधारण असोसिएट प्रोफेसर. तुम्हीच एक अर्ध्या पानाची टीप लिहा आणि अर्जाला जोडा.

मूळ प्रमाणपत्रं हरवलेली असणं हे नेहमीचंच. नोकरीची नोंदवही तिथल्या पद्धतीप्रमाणे आस्थापनेच्या कपाटात असायची, आणि ते कपाट आता सीमारेषेच्या पलीकडे. अशा वेळी शोधायच्या जागा: हलवलेल्या विद्यापीठाचं सध्याचं कार्यालय, ते प्रमाणित उतारा देऊ शकतं. कीव्हचं व्हेर्नाद्स्की राष्ट्रीय ग्रंथालय, तिथे प्रबंधांचे छापील सारांश असतात आणि त्यावर नाव, विषय, वर्ष, संस्था सगळं मिळतं. सहलेखकांची पत्रं. जुन्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिका. यातलं काहीच नसेल तरी दार बंद होत नाही. १९९७ च्या लिस्बन करारात निर्वासितांच्या पात्रतेचं मूल्यमापन कागदांशिवायही व्हावं असं कलम आहे, आणि त्याच्याच आधारावर युरोप परिषदेने मुलाखत घेऊन पात्रतेचा दाखला देणारा एक 'पासपोर्ट' सुरू केला आहे. तो पदवीची जागा घेत नाही, पण कारकुनाच्या टेबलावर ठेवायला काहीतरी मिळतं.

भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या आणि ते सुरू करण्याआधी नावाचं स्पेलिंग कळवा. भाषांतरकार आपल्या नियमाने स्पेलिंग करतो आणि पाचवी ओलेना जन्माला येते.

पाचवी पायरी: पहिले पंधरा दिवस

जर्मनीत सगळं पत्त्यावर अडतं. नगरपालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, ती दोन आठवड्यांत व्हावी लागते. ती झाली की कर क्रमांक घरी येतो, मग पगार सुरळीत होतो. बँक नाही म्हणाली तर मूलभूत खात्याचा हक्क कायद्याने आहे, तसं सांगा. युक्रेनमधून आलेल्यांना युरोपीय संघाचं तात्पुरतं संरक्षण आहे. ४ मार्च २०२२ ला ते लागू झालं आणि ४ मार्च २०२७ पर्यंत वाढवलेलं आहे, त्यावर काम करता येतं. सीरिया, अफगाणिस्तान, सुदान इथून येणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांच्या व्हिसाला महिने लागतात, म्हणून करार सुरू होण्याची तारीख ठरवताना वकिलातीचा वेळ धरा.

मुलांची शाळा कामाच्या आधी. आई दिवसभर शाळाप्रवेशाच्या रांगेत असेल तर तिच्याकडून पेपर होणार नाही.

विद्यापीठात: किल्ली, दारावर नावाची पाटी, ग्रंथालयाचं कार्ड, ईमेल, व्हीपीएन. हे सगळं येण्याआधी तयार असावं. यातल्या ग्रंथालयाच्या लॉगिनला मी सगळ्यात वर ठेवीन, माणूस अजून वाटेत असतानाच ते द्यावं. अनेक विद्यापीठांत पाहुण्या संशोधकाचं खातं कराराआधीही उघडता येतं.

आणि संकेतस्थळावर फोटोसह स्वागताची बातमी टाकू नका. विद्यापीठाच्या जनसंपर्क कार्यालयाला अशा बातमीची फार हौस असते. तिकडे ताब्यातल्या गावात आईवडील असतात, भाऊ असतो, फ्लॅट असतो, आणि इकडची बातमी तिकडे वाचली जाते. नाव, फोटो, गाव, विषय, यातलं काय जाहीर करायचं ते येणाऱ्या व्यक्तीने ठरवायचं, तेही लेखी, आणि नंतर मत बदलायची मुभा ठेवून.

सहावी पायरी: काम कसं वाटायचं

आमच्या रसायनवाल्या बाईंचा दिवस जर्मन वेळेनुसार सकाळी सातला सुरू होतो, कारण तिकडे तेव्हा आठ वाजलेले असतात आणि ऑनलाइन तास असतो. फोनवर हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचं ॲप आहे, त्यात त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन जिल्हे निवडून ठेवलेत. भोंगा झाला की मुलं तळघरात जातात आणि तास संध्याकाळवर जातो. मग आमची साप्ताहिक बैठक त्या वेळेवर आदळते. सुरुवातीला विभागात कुजबुज झाली की बाई बैठकींना गैरहजर असतात. वेळापत्रक विचारून बैठक दुपारी घेतली, प्रश्न मिटला. तिकडचं शिकवणं हे त्यांच्या कामाचाच भाग आहे असं करारातच लिहिता येतं का ते पाहा. ते बंद करायला सांगू नका. त्यांच्यासारखे शिक्षक बाहेर पडून तुटले तर ते हलवलेलं विद्यापीठ नुसत्या पाटीपुरतं उरेल.

पेपरवर दोन्ही संस्थांची नावं घाला, घरचं विद्यापीठ आधी. खर्च शून्य, आणि तिकडे मूल्यांकनात त्याचा उपयोग होतो.

दर महिन्याला युद्धावर भाषण द्यायला बोलवू नका. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पदार्थविज्ञानावर बोलवा.

विषयानुसार अडचणी बदलतात. प्रयोगशाळेतल्या माणसाला उपकरण मिळालं की तो कामाला लागतो. इतिहास, पुरातत्त्व, लोकसाहित्य यांत काम करणाऱ्यांची सामग्रीच मागे राहिलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये रशियन सैन्य खेरसनमधून मागे हटण्याआधी तिथल्या कला संग्रहालयातून आणि प्रादेशिक संग्रहालयातून वस्तू ट्रक भरून नेल्या गेल्या. त्या संग्रहांवर वीस वर्षं काम केलेल्या माणसाने आता कशावर लिहायचं? काही जण हरवलेल्या वस्तूंच्या याद्या करतात, आपल्याच टिपणांतून आणि जुन्या फोटोंतून. हे खरं संशोधन आहे, पण ठरावीक अर्जात ते बसवायला यजमानाची लेखणी लागते. जगभरच्या स्वयंसेवकांनी २०२२ मध्ये युक्रेनी ग्रंथालयांची आणि संग्रहालयांची संकेतस्थळं उतरवून ठेवली, ती साठवण इथे कामी येते.

भारतात बसून काय करता येईल

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाला परदेशी प्राध्यापक बोलवायचे तर ते इतर कोणत्याही परदेशी नागरिकासारखे, योग्य व्हिसावरच येणार. १८० दिवसांहून मोठ्या व्हिसावर आल्यास १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद. पुण्यात हे सगळं ठाऊक असलेले लोक आहेत, कारण अफगाण विद्यार्थी तिथे कित्येक वर्षं शिकत आलेत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर त्यांच्या व्हिसाचे आणि शिष्यवृत्तीचे प्रश्न शहराने जवळून पाहिले. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठबंदी केल्यावर तिथल्या प्राध्यापिकांचंही काम गेलं.

आपल्याकडे याची चांगली आणि वाईट, दोन्ही उदाहरणं आहेत. तिबेटातून आलेल्या विद्वानांसाठी १९६७ मध्ये सारनाथला संस्था निघाली, ती आज विद्यापीठाच्या दर्जाची आहे. त्याआधी १९३५ मध्ये सी. व्ही. रामन यांनी नाझींनी घालवलेले जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांना बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत आणलं होतं. रामन यांनी त्यांच्यासाठी कायम पदाचा आग्रह धरला. बैठकीत एका इंग्रज प्राध्यापकाने, स्वतःच्या देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परदेशी आपल्याला नको, अशा अर्थाचं भाषण केलं, तेही बॉर्न समोर बसलेले असताना. बॉर्न एडिंबरोला गेले. १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पद देता येत नसेल तरी दूरवरून करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि गाझाच्या बाबतीत बहुतेक वेळा तेवढंच शक्य आहे. तिथल्या विद्यापीठांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठाचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ सुफियान तायेह, डिसेंबर २०२३ मध्ये हल्ल्यात मारले गेले. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच इस्रा विद्यापीठाची इमारत स्फोटाने पाडली गेली. वाचलेले शिक्षक फोनवरून शिकवतात. त्यांना हवं असतं ते प्रबंधाला दुसरा परीक्षक, पेपरची भाषा तपासून देणारं कोणीतरी, एखाद्या लेखाची पीडीएफ, ऑनलाइन अतिथी व्याख्यान. फाइल्स लहान ठेवा, व्हिडिओऐवजी ध्वनिफीत आणि मजकूर द्या, उत्तराला मुदत घालू नका. व्याख्यानाचं मानधन जाहीर करण्याआधी ते त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा कायदेशीर मार्ग आपल्या बँकेला विचारा.

शेवटची पायरी: दुसरं वर्ष, पहिल्या महिन्यातच

या फेलोशिप एक-दोन वर्षांच्या असतात. श्वार्ट्झ उपक्रमात साधारण २४ महिने, काही अटींवर पुढे मुदतवाढ. येणाऱ्या माणसाचे पहिले सहा महिने घर, भाषा, शाळा यांत जातात, शेवटचे सहा पुढची जागा शोधण्यात. हाती उरतं एक वर्ष. म्हणून पहिल्याच महिन्यात बसून मागून पुढे आखणी करा: करार संपण्याची तारीख, त्याआधी मुदतवाढीच्या अर्जाची तारीख, त्याआधी एक तरी पेपर पाठवलेला असण्याची तारीख. स्वतंत्र प्रकल्पाच्या अर्जात त्यांचं नाव सहप्रमुख म्हणून घाला. जर्मन शिकण्याचे तास कामाच्या वेळेतच धरा, संध्याकाळी ते होत नाहीत.

परत जायचंय का, हा प्रश्न यजमान एक तर विचारतच नाहीत किंवा नको तेवढ्या वेळा विचारतात. वर्षातून एकदा, आखणीच्या बैठकीत, कामाचा मुद्दा म्हणून विचारा. उत्तर दरवर्षी वेगळं असू शकतं. जायचं असेल तर तिकडे उपयोगी पडेल असं काहीतरी हातात द्या: जोडअभ्यासक्रम, सामंजस्य करार, दोन विद्यार्थ्यांच्या जागा.

करार संपायच्या आधी शिफारसपत्र मागायची वेळ त्यांच्यावर आणू नका, आपणहून लिहून द्या, आणि त्यात त्यांनी केलेलं काम लिहा, सोसलेलं नको. शेवटी आयटी विभागात जाऊन विद्यापीठाचा ईमेल कोणत्या तारखेला बंद होतो ते विचारा. बहुतेक ठिकाणी तो कराराबरोबरच बंद होतो, आणि नेमक्या त्याच पत्त्यावर पुढच्या नोकरीची उत्तरं यायची असतात. सहा महिने वाढवून घ्यायला विभागप्रमुखांची एक सही पुरते.